शंतनु कोण?

तुळशीला पाणी घालून मी प्रदक्षिणा घालत होते, तर शेजारच्या अंगणातून राजकुमारचा आवाज आला, "जाय, घेऊन जाय तुह्या बहिणीले. काडीमोड पायजे मले."

जप अर्धाच राहिला. कुडापाशी जाऊन पाहिलं. त्याची बायको सुचिता पायाशी पिशवी ठेवून उभी. तिचा भाऊ शिवम रोहिणखेडहून गाडी घेऊन आलेला. कपाशी वेचायला निघालेल्या बाया रस्त्यातच थबकल्या.

राजकुमार काही वाईट पोरगा नव्हे. पण दिवाळीपासून त्याचं डोकं मोबाईलात. कोणाची बायको कोणासंगं पळाली, नवऱ्यानं तिला कशी पकडली, असलेच व्हिडिओ. एक पाहिला की मोबाईल तसाच दुसरा पुढं करतो. माणसाला वाटतं, साऱ्या जगात हेच चाललंय; मग आपल्याच घरात कसं नसेल? तो सुचिताचा मोबाईल चोरून चाळू लागला.

"झालं काय दाजी, ते तं सांगा," शिवम म्हणाला.

"तिलेच विचार, शंतनु कोन हाये. रोज दुपारी त्याचा फोन. मी तो नंबर लावला का बंद सांगते. हिच्यासाठी बरा चालू राह्यते."

त्याची माय शालूबाई चुलीपासून उठून आली. "कोन म्हनलास?"

"तू मंधात बोलू नको माय."

सुचितानं मान वर केली. "म्हंजे इतके दिवस तोंड फुगवलं ते याच्यासाठी?"

मी हळूच म्हटलं, "लाव बाई त्याले फोन. सर्वाईसमोर लाव."

तिनं लावला. राजकुमारच्याच खिशात घंटी वाजली.

त्यानं मोबाईल काढला अन् पाहतच राहिला.

"नेटसाठी याच मोबाईलात दुसरं नवं सिम टाकलं न तुमी," सुचिता म्हणाली. "वावरातून त्याच्यावरूनच बोलता. आपल्याच मोबाईलातून आपल्यालेच लावसान तं लागन कसा?"

"मंग हे नाव काऊन?"

"अबे येड्या," शालूबाई म्हणाली, "बारशाले तुह्या आत्यानं कानात सांगतलेलं नाव हाये थे. लग्नात गुन त्याच्यावरच पाह्यले. नवऱ्याचं नाव घेत नाही थे पोरगी, म्हून हे टाकलं असन."

"धरला बरं राजकुमारभाऊनं चोर," रस्त्यावरून एक जण म्हणाली. बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

राजकुमारनं मोबाईल खिशात टाकला. "जाऊ दे. ठेव थे पिशवी घरात."

सुचिता हलली नाही. तिनं हात पुढं केला. "आता तुमचा मोबाईल द्या. मले बी पाहू द्या."

राजकुमारचा हात झटकन खिशावर गेला.

बाया हसायच्या थांबल्या. शालूबाईनं खाली पाहिलं. सुचिता त्या खिशावरच्या हाताकडं पाहत राहिली. मग तिनं पिशवी उचलली अन् भावाला म्हणाली, "चाल रे."