अकरा मेऱ्या आणि एक लॉर्ड

ब्रायनी पॉग्सन घरं गरम ठेवणारे बॉयलर दुरुस्त करायची. डर्बीशरमधल्या ॲशकम हॉल या जुन्या हवेलीचा बॉयलर दर जानेवारीत न चुकता संप पुकारायचा. त्या जानेवारीत ती तळघरात उतरली, बॉयलरमागचं कोळशाच्या कोठीचं जुनं दार खांद्याने ढकललं आणि पलीकडे निघाली ती थेट १८७१ सालात. वीज कडाडली नाही, भोवळ आली नाही. फक्त थंडी वाढली.

वर दिवाणखान्यात एक गृहस्थ तीन कोट घालून, धुराने डोळे चोळत बसले होते. व्हायकाउंट पेरेग्रिन ॲशकम. वय बत्तीस, भिंतीवर चौदा पूर्वज, आणि चिमणी तुंबलेली.

"आपण कोण?"

"बॉयलरवाली. चिमणीवाली समजा. अहो, इतक्या धुरात बसलात, खिडकी तरी उघडायची!"

"खिडकी उघडणारा माणूस आजारी आहे."

तो थट्टा करत नव्हता. ब्रायनीने बाह्या वर सारल्या, चिमणीत हात घातला आणि कावळ्याचं अख्खं घरटं खाली ओढलं. आग भडकली. लॉर्डसाहेब मात्र तिच्या उघड्या कोपरांकडे बघून कानापर्यंत लाल झाले.

त्यानंतर ॲशकम हॉलचा बॉयलर दर गुरुवारी बिघडू लागला.

ब्रायनी काही भोळी नव्हती. छत्तीस वर्षांची, एक घटस्फोट पदरी. पण ती घर सोडून चालली होती तेव्हा पहिल्या नवऱ्याने टीव्हीवरची नजरसुद्धा काढली नव्हती, आणि हा माणूस ती खोलीत आली की उभा राहायचा. तिने संध्याकाळी बारा वेळा आत-बाहेर केलं, तर बारा वेळा. अशाने कोणीही विरघळतं. आपण कुठल्या काळातून येतो हे तिने सांगितलं, तेव्हाही तो शांतच होता. "तुम्ही चेस्टरफील्डसारख्या खाणगावच्या आहात हे पचवलं," तो म्हणाला, "मग एकविसावं शतक काय अवघड आहे!"

त्याच्या आईला, लेडी ऑगस्टाला, मात्र काहीच पचत नव्हतं. "पॉग्सन? कुठले पॉग्सन?" एवढं विचारून त्यांनी जो चष्मा लावला, तो महिनाभर उतरवला नाही.

मार्चमध्ये पेरेग्रिन गुडघ्यावर बसला. "तुमच्या वडिलांना कधी भेटू?"

"ते जन्मायला अजून नव्वद वर्षं आहेत."

"मी थांबेन," तो म्हणाला. अगदी मनापासून.

ब्रायनी हो म्हणणार, इतक्यात चाळिशीची एक बाई कोळशाच्या दोन बादल्या घेऊन आली. हाताच्या भेगांतून रक्त येत होतं.

"हिचं नाव काय?" ब्रायनीने विचारलं.

"मेरी," पेरेग्रिन म्हणाला.

बाई बाहेर पडली तशी ब्रायनी तिच्या मागोमाग गेली.

"केझाया, मॅडम," बाई पुटपुटली. "पण इथे आम्ही अकराही जणी मेरीच. बाईसाहेबांना सोपं पडतं."

ब्रायनी परत आली ती पेटूनच. "अकरा बायका तुमच्यासाठी जिने चढतात आणि तुम्हाला एकीचं नाव माहीत नाही! लग्नानंतर माझं काय ठेवणार? बारावी मेरी?"

पेरेग्रिनने भिंतीवरच्या चौदा पूर्वजांकडे मदतीसाठी पाहिलं. ती निघून गेली आणि कोळशाचं दार मागे धाडकन लागलं. घरी जाऊन ती रडली, मग स्वतःलाच शिव्या घातल्या. लॉर्डवर प्रेम करायचं आणि तो लॉर्डासारखा वागला म्हणून रडायचं, याला काय म्हणावं?

पुढच्या गुरुवारी ती खरोखरच बॉयलर बघायला गेली, तर ते दार आतून कोणीतरी ठोकत होतं. उघडलं. नखशिखांत काजळी, तळहातांवर फोड, असा पेरेग्रिन बाहेर आला.

"केझाया, थर्झा, डॉर्कस, जेमायमा..." त्याने अकराही नावं धापा टाकत म्हटली. "जेमायमा लंगडते. मला ठाऊकच नव्हतं. सहा दिवस कोळसा मी वाहिला. आईने डॉक्टर बोलावला."

"जेमायमाच्या पायासाठी?"

"माझ्या डोक्यासाठी."

ब्रायनी हसली, आणि तिथेच सगळं ठरलं. हवेली धाकट्या भावाला देऊन तो कायमचा इकडे आला. बुटांची नाडी बांधायला तो आठवड्यात शिकला, चहा करायला पंधरा दिवस लागले. आता पर्यटकांना दाखवल्या जाणाऱ्या ॲशकम हॉलमध्ये वाटाड्याच्या नोकरीसाठी त्याने अर्जही केला, पण "खरे लॉर्ड इतकं नाटकी बोलत नसत" म्हणून तिथल्या बाईंनी त्याला परत पाठवलं. आता तो ब्रायनीच्या हत्यारांची पेटी उचलतो. दारात टोपी काढून असा झुकतो की, गावातल्या म्हाताऱ्यांचे धडधाकट बॉयलरही बिघडू लागलेत.

जूनमध्ये त्यांनी नोंदणी कार्यालयात लग्न केलं. कागदपत्रं कशी जमवली ते विचारू नये. अर्जावर पेरेग्रिनने जन्मसाल १८३९ लिहिलं, कारकुनाने खोडून १९८९ केलं. "घाबरलेत बिचारे," कारकून ब्रायनीला म्हणाला.

पेरेग्रिन खरंच घाबरला होता. सही होताच त्याने हात तिच्यापुढे केला. तिने तो घट्ट धरला. मग दोघं बाहेर बाकावर बसून कागदातले गरम बटाट्याचे चिप्स खात राहिली, आणि व्हिनेगर जास्त झालं म्हणून नवराबायकोचं पहिलं भांडण तिथेच झालं.