माझ्या खाचांतले खडे

मी एक जुना टायर आहे. जीपच्या मागच्या दारावर, मधोमध, नटांनी घट्ट आवळलेला. मित्रांनो, कधी एखाद्या जीपच्या मागे अडकलात तर तुमच्या नाकासमोर जो काळा गोल चेहरा येतो ना, तोच मी. नाक मुरडू नका. मला इथे मानाने बसवलंय, आणि ते कसं झालं हे सांगितल्याशिवाय माझ्या पोटातली हवा काही शांत राहायची नाही.

माझा जन्म कारखान्यातल्या एका तापलेल्या साच्यात झाला. रबर, सुताचे थर, पोलादी तारा, सगळं एकत्र दाबलं, चटका दिला, झाकण उघडलं, आणि मी बाहेर. अंगभर रबराचे बारीक केस होते. नव्या टायरला असतात ते, तुम्ही बोटाने वाकवून बघता ते. मला त्यांचं फार कौतुक होतं. रस्त्यावर उतरलो आणि पहिल्या प्रवासातच निम्मे झिजून गेले. इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू.

आम्ही पाच भाऊ एकाच जीपला लागलो. मी मागचा डावा. पाचवा भाऊ स्टेपनी म्हणून दारावर गेला आणि जमिनीला पाय न लावता थाटात फिरू लागला. आम्ही चिखलाने माखलो की वरून विचारायचा, "काय रे, आज फेशियल वाटतं?"

जीप होती जनावरांच्या डॉक्टरीणबाईंची. त्यांचे यजमान दातांचे डॉक्टर. घराच्या पुढच्या खोलीत ते बोलणाऱ्यांचे दात बघायचे आणि मागच्या अंगणात बाई न बोलणाऱ्यांचे. शाळेसाठी त्यांच्याकडे राहायला आलेली भाची त्यांना मावशी आणि काका म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणतो. भाचीला सगळे ठिणगी म्हणायचे. का ते सांगायला नको. ती घरात शिरली की खुर्च्यासुद्धा सावरून बसायच्या.

किती फिरलो आम्ही. गोठे, तबेले, कोंबड्यांची खुराडी. मावशी एका हाताने स्टिअरिंग धरायच्या आणि दुसऱ्या हाताने औषधांची पेटी. कुणाची म्हैस अडली, कुणाच्या बकरीने पिशवी गिळली, की आम्ही निघालोच. लोक मावशींचे आभार मानायचे आणि मावशी उतरताना माझ्यावर थाप मारायच्या. ती थाप म्हणजे माझं बक्षीस.

पण थाप मारणं वेगळं आणि हवा बघणं वेगळं. आमची हवा बघायला कुणाला वेळ नसायचा. आम्ही चौघे कायम थोडे बसलेले, गाल सुटलेले, त्यामुळे आमच्या कडा झिजत गेल्या. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आता त्या चढाचं सांगतो. डोंगरावरच्या वस्तीला जायला शेवटी एक कातळाचा चढ आहे. दगडी, गुळगुळीत, वरून झऱ्याचं पाणी सतत ओघळतं. वरती एक घोडेवाली बाई राहते. तिची मखमल नावाची घोडी. गेल्या वर्षी मखमल वेताला आली, निरोप आला, आणि लांब जायचंय म्हणून मावशींनी मुद्दाम पंपावर थांबून आम्हा चौघांत टुम्म हवा भरून घेतली. आणि नेमके त्याच दिवशी आम्ही चढावर घसरलो. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. शेवटी मावशी पेटी घेऊन पायी निघाल्या. पोचेपर्यंत उशीर झाला होता. शिंगरू गेलं. परत येताना त्या मला थाप न मारता गाडीत बसल्या.

ह्या वर्षी मखमल पुन्हा गाभण होती. दिवस भरत आले होते. एका सकाळी मावशींनी आमच्या चौघांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "ह्यांच्यावर मी आता त्या चढावर जाणार नाही. नवे टायर पाहिजेत. आणि ह्या वेळी पोचायचंच आहे."

"मी निवडू?" ठिणगी म्हणाली.

"तू?"

"अगं, आठवडाभर मी दुसरं काय वाचतेय? कच्च्या रस्त्याचे वेगळे, चिखलाचे वेगळे, दोन्हीकडे चालणारे वेगळे. झोपेतसुद्धा सांगीन."

"सांगतेस," काका म्हणाले. "काल जेवताना सांगत होतीस. परवासुद्धा."

मावशी हसल्या. "निवड. पण लक्षात ठेव, त्यावर बसून मी जाणार आहे."

ठिणगीची मान एकदम ताठ झाली. मी पाहिलं ते. कुणीतरी आपल्यावर एवढा भरवसा टाकला की आत हवा कशी भरते, हे टायरला विचारा.

टायरच्या दुकानात भिंतीवर टायरच टायर. काका आत शिरले ते थेट एका अक्राळविक्राळ टायरसमोर जाऊन थांबले. त्याच्या नक्षीचे ठोकळे मुठीएवढे, मधल्या फटीत हात जाईल.

"बघ, दाढा बघ काय आहेत," काका हरखून म्हणाले.

ठिणगीचेही डोळे चमकले. "ह्यांच्यावर जीप कसली दिसेल, काका."

"चिखलाचे टायर आहेत ते," दुकानातल्या ताई म्हणाल्या. "माझ्याकडे वापरलेले चार आहेत. बसवून देते, एक दिवस फिरवून बघा. पटले तर नवे घ्या."

आम्हा चौघांना काढून जीपच्या आत, मागच्या बाजूला टाकलं. मी सगळ्यांत वर. तिथून मला सगळं ऐकू येत होतं, आणि ऐकायला काय कमी होतं म्हणता? डांबरी रस्ता लागला आणि त्या दाढांनी असा घूंऽऽ आवाज धरला की मावशींनी रेडिओ बंद केला. वळण घेतलं की खरर्र. टायर मोठा, तो मडगार्डला घासत होता.

"हे काय वाजतंय?" मावशींनी विचारलं.

"सवय होईल," काका ओरडून म्हणाले.

"काय?"

"सवय होईल म्हटलं."

ओढ्याकाठी मऊ चिखल आला तेव्हा मात्र त्या पठ्ठ्यांनी कमाल केली. फचाफच चिखल उडवत पार झाले. ठिणगीने टाळ्या वाजवल्या. मलाही वाटलं, संपलं आपलं, ह्यांच्यापुढे आपण कोण. मग आला कातळाचा चढ. ओला दगड, पातळ पाणी. दाढांनी दगडाला धरायचा प्रयत्न केला, पण टेकायला होतं काय? चार ठोकळे इथे, चार तिथे, मध्ये नुसत्या फटी. गाडी निम्म्यावर जाऊन हळूहळू मागे सरकली. मावशींनी ब्रेकवर ब्रेक मारत ती खाली आणली. घरी येईपर्यंत फक्त तो घूंऽऽ.

अंगणात आम्हाला उतरवून ठेवलं. ठिणगी माझ्या शेजारी येऊन बसली. डोळे भरलेले, पण रडायचं नाही असं ठरवलेलं. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून तिने काकांची जुनी, वाकड्या टोकाची दात कोरायची सळई आणली आणि माझ्या खाचांत अडकलेले खडे उकरू लागली. मित्रांनो, काय बरं वाटलं. कित्येक वर्षांत माझे दात कुणी साफ केले नव्हते.

एक खडा निघाला. मग दुसरा. टोकदार, करडी खडी. मग डांबराचा गोळा. पुन्हा खडी. मग कातळाचा चपटा कपचा. ठिणगी सगळं पायरीवर ठेवत होती. अचानक तिचा हात थांबला. तिने भराभर ढीग वेगळे केले. खडीचा ढीग सगळ्यांत मोठा. त्याच्या खालोखाल डांबर. मग कातळाच्या कपच्या. आणि चिखल? नखभर, तोही वाळलेला.

"काका," तिने हाक मारली. "मावशी. इकडे या ना."

दोघे आले. काकांच्या हातात अजून कुणाच्या तरी कवळीचा साचा होता.

"आपण कुठून जातो ते ह्याच्या तोंडात आहे," ठिणगी म्हणाली आणि मला थाप मारली. मला. "आपल्याला चिखल फक्त ओढ्याकाठी लागतो. बाकी सगळी खडी, डांबर आणि ओला दगड. मी निवडले चिखलाचे, कारण ते भारी दिसत होते. आपल्याला पाहिजेत दोन्हीकडे चालणारे. ठोकळे जवळजवळ, म्हणजे दगडावर जास्त रबर टेकेल. प्रत्येक ठोकळ्यावर बारीक चिरा, म्हणजे ओल्यात पकडतील. गाल जाड, कारण हा बघा, ह्याच्या गालावर किती ओरखडे आहेत. आणि माप हेच, ह्याचंच, म्हणजे घासणार नाहीत."

काका खाली वाकले. माझ्या खाचा त्यांनी एखाद्या पेशंटसारख्या न्याहाळल्या. "बरोबर आहे," ते शेवटी म्हणाले. "दाढा मोठ्या असून काय करायचंय, चावा बसला पाहिजे. हे मला कळायला हवं होतं. पोट ह्याच्यावरच भरतो मी."

"तुम्हाला दाढा दिसल्या की भान राहतं का?" मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा दुकानात. ठिणगी एकेका टायरच्या खाचेत बोट घालून बघत होती. काकांनी एका टायरच्या गालावरचं डोंगराचं आणि हिमकणाचं चिन्ह दाखवलं. "हा घेऊ. बर्फातसुद्धा चालतो."

"काका, आपल्याकडे बर्फ फक्त फ्रीजमध्ये पडतो."

दुकानातल्या ताईंना हसू आवरेना. ठिणगीने निवडलेले चार टायर दिसायला साधे होते, पण जवळून बघितलं तर सुरेख. त्यांच्या अंगावर केस होते. मी तर बघतच राहिलो.

मग ताईंनी स्टेपनीवर हात फिरवला. "ह्याला भेगा गेल्यात. नुसता उन्हात टांगून म्हातारा झालाय." बिचारा भाऊ. एवढा थाट आणि एकदाही पाय टेकला नव्हता. आमच्या चौघांत सगळ्यांत कमी झिजलेला कोण ते ताईंनी पाहिलं, आणि भावाच्या जागी मी चढलो. दारावर. मानाने.

आठवडाही झाला नाही तोच, शाळेला सुट्टी होती त्या दिवशी, न्याहारीच्या वेळी फोन वाजला. घोडेवाली बाई. मखमल पहाटेपासून उठबस करतेय, घाम फुटलाय, लवकर या. मावशींनी पेटी उचलली, ठिणगी बूट घालत घालत गाडीत. डांबरावर नवे टायर असे गुपचूप धावले की इंजिनाचा श्वास ऐकू यावा. खडीवर टणाटण. ओढ्याकाठी थोडे घुटमळले, पण निघाले. मला पुढचं काही दिसत नव्हतं, कारण दारावरच्या टायरचं तोंड मागे असतं. मला फक्त मागे पडणारा रस्ता दिसत होता, आणि मग तो तिरपा झाला. चढ आला होता.

गाडी चढू लागली. निम्म्यावर गेली. आणि थरथरली. मागचा एक नवा टायर जागच्या जागी फिरला, आणि माझ्यासमोरची दरी माझ्याकडे येऊ लागली. माझी बोबडीच वळली. मावशींनी सावकाश गाडी मागे घेत पायथ्याशी आणून थांबवली.

"ठिणगे," त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मी चालत जाते."

"थांब." ठिणगी उतरली आणि टायरांकडे बघत उभी राहिली. ते टुम्म होते, फुगलेले, दगडावर बोटभर जागेवर टेकलेले. मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझ्या झिजलेल्या कडांकडे.

"मावशी, गेल्या वर्षीच्या आधी आपली गाडी इथे कधी घसरली होती?"

"नाही. कधीच नाही."

"तेव्हा ह्याच्यात हवा कमी असायची. कायम. म्हणून ह्याच्या कडा गेल्यात. आणि ज्या दिवशी तू गच्च भरून आणलीस, त्या दिवशी घसरलो. आजही गच्चच आहेत."

मग दोघी दोन बाजूंना वाकल्या, व्हॉल्व्हची टोपणं काढली, आणि फुस्सऽऽ. चारही टायर हळूहळू पसरले, गाल सुटले, पायाखालच्या दगडाला बिलगले. मला माझेच तरुणपणीचे दिवस दिसले.

मावशींनी जीप सगळ्यांत खालच्या गियरमध्ये टाकली. पुन्हा तिरपा रस्ता. पुन्हा ओला कातळ. निम्मं आलं, जिथे थरथरली होती ती जागा आली, आणि माझ्यासमोरची दरी हळूहळू दूर जायला लागली. दूर. आणखी दूर. मग ती दिसेनाशी झाली आणि गवत दिसलं. आम्ही वर होतो. ठिणगीने खिडकीतून हात बाहेर काढून पत्र्यावर असा ढोल बडवला की घोडेवाली बाई धावतच आली.

"अगं, वाजवत काय बसलीस, चल आत," मावशी म्हणाल्या, पण त्यांचाही आवाज नाचत होता.

जीप तबेल्याकडे पाठ करून उभी होती. म्हणजे माझं तोंड बरोबर तबेल्याच्या दाराकडे. शिंगराचा एक पाय आत दुमडलेला होता. मावशींनी बाही वर सारली, घोडेवालीने मखमलचं डोकं धरलं, ठिणगीने कंदिलासारखी बॅटरी धरली. किती वेळ गेला कोण जाणे. मग एक ओला, काळाभोर गोळा गवतावर घसरून आला आणि शिंकला.

"हे बघ," मावशी थोड्या वेळाने म्हणाल्या. त्यांनी शिंगराचा एक खूर हातात घेतला. "खाली मऊ झालर आहे, रबरासारखी. आईला आतून लागू नये म्हणून. चालायला लागलं की झिजून जाते."

"टायरच्या केसांसारखी," ठिणगी म्हणाली.

मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्या केसांचं दुःख उरलं नाही.

परत जाताना चढ सावकाश उतरून पायथ्याशी आलो, तेव्हा ठिणगीने गाडीतला पंप लावून चौघांत पुन्हा हवा भरली, कारण पुढे डांबर होतं. मग ती मागे आली, माझीही हवा बघितली. स्टेपनीची हवा कोण बघतं हो? तिने बघितली.

तुम्ही टायर निवडा, चपला निवडा, नाहीतर सायकल. आधी रोजची वाट कोणती आहे ते बघा, आणि जुन्याला टाकून देण्याआधी त्याच्या खाचांत काय अडकलंय ते एकदा उकरून पाहा. हवा तर बघाच. मागे टांगलेल्याचीसुद्धा.

वरून निघालो तेव्हा जीप पुढे चालली होती आणि मी मागे बघत होतो. तबेल्याच्या दारात शिंगरू उठलं, चारही पाय चार दिशांना गेले, पडलं, पुन्हा उठलं. आणि ह्या वेळी उभं राहिलं.