आधी सही, मग वाचन

या वकिलाला माणसाची किंमत नाही, असं जयमालाअक्काचं ठाम मत झालं होतं. तीनदा तारीख दिली, तीनदा फिरवली. हिनं निघोज्याहून दोन रिक्षा बदलून चिंचवड गाठावं आणि त्याच्या कारकुनानं सांगावं, "साहेब कोर्टात गेलेत." बरं, दुसऱ्या वकिलाकडे जायचीही सोय नव्हती. तिच्या वडिलांनी, आबांनी, मृत्युपत्र याच्याकडेच केलं होतं आणि आपल्या मागं वाटणी यानंच करावी, असं त्यात लिहूनही ठेवलं होतं. आबा जाऊन पाच महिने झाले, तरी पाकीट आपलं वकिलाच्या कपाटात बंद.

अक्काचा जीव अडकला होता दोन खोल्यांत. निघोज्यात रस्त्याकडेच्या त्या खोल्या आबांच्या नावावर. बावीस वर्षं ती तिथं खानावळ चालवत होती. कारखान्यातली पहिल्या शिफ्टची पोरं तिच्याकडून डबा नेत, आणि डब्यात भाकरी उरवून आणली की पोटभर बोलणी खात. आबा दारात खुर्ची टाकून म्हणायचे, "या खोल्या तुझ्याच." पण बोलणं वेगळं आणि कागद वेगळा, एवढं चौथीत शाळा सुटलेल्या अक्कालाही कळत होतं.

चौथ्या तारखेला सलिल वकील जागेवर सापडला. धाकटा भाऊ भिमाजी कासारवाडीहून आधीच येऊन बसला होता, मांडीवर पिशवी घट्ट धरून.

"पिशवीत काय रं?"

"काय न्हाई, अक्का. दावतो मागनं."

वकिलानं पाकिटाला हात लावायच्या आधी एक टाईप केलेला कागद तिच्यापुढे सरकवला. "मावशी, हे हक्कसोडपत्र. वडिलांच्या मिळकतीतला तुमचा हिस्सा तुम्ही भावाला सोडताय, एवढंच. इथं सही करा."

"सोडतीय म्हणून कुणी सांगितलं?"

"तसं नाही, पण बहिणी सोडतातच. म्हणून मी आधीच तयार ठेवतो. वेळ वाचतो."

"माझ्या चार खेपा झाल्या तवा न्हाई वाचला तो." अक्कानं पेन उचललं आणि त्याच्याच बाजूला ठेवलं. "आधी आबाचं वाचा. गेल्या माणसाचा मान पहिला."

भिमाजी पंख्याकडे बघू लागला. वकिलानं पाकीट फोडलं. पहिल्या पानावर कासारवाडीचं घर भिमाजीला, शेताचा उरलेला तुकडा भिमाजीला. अक्कानं मान ताठच ठेवली. दुसऱ्या पानावर वकिलाचा आवाज जरा मंदावला.

"'निघोजे येथील रस्त्याकडेच्या दोन्ही खोल्या माझी मुलगी जयमाला हिला द्याव्यात. भिमाजी तिला साडी नेसवून हक्कसोडावर सही मागेल. मीही माझ्या बहिणीकडून तशीच घेतली होती, आणि ते मला आजवर डाचतं. आपल्या घरात ते पुन्हा होऊ नये. वकिलांनी तसला कागद करूच नये.'"

मग अक्का म्हणाली, "ह्ये कुणी लिवलंय?"

"सांगितलं आबांनी. लिहिलं... मीच." वकिलाचे कान लाल झाले. "नऊ वर्षं झाली, मावशी. फायली शेकड्यानं असतात."

तेवढ्यात भिमाजीला हसू फुटलं. हसता हसता डोळे पुसत त्यानं पिशवीतून मोरपंखी इरकल काढलं. "आबानं मला पुरता वळखला व्हता गं. ही बघ, साडी घिऊनच आलोय."

अक्कानं पदर उलगडून पोत बघितला, काठ उजेडाला धरला. "रंग बरा काढलास. ठेव हितं."

"आता कशापायी? सही तर तू करीत न्हाईस."

"खोल्या बापानं दिल्या. भावानं काय द्यायचंच न्हाई व्हय?"

भिमाजी परत हसायला लागला, आणि आता अक्कालाही आवरेना. वकिलानं हक्कसोडाचा कागद मुकाट्यानं उभा फाडला, आडवा फाडला आणि टोपलीत टाकला. अक्कानं ते सगळं नीट बघून घेतलं. मग साडी काखेत मारून ती उठली आणि दारात थांबून म्हणाली,

"वकीलसाहेब, तुमी लबाड न्हाई, आळशी हाय. लबाडाला मी खानावळीची पायरी चढू देत न्हाई. आळशाला पोटभर वाढते, पण ताट त्याचं त्यालाच घासाय लावते. रविवारी या जेवायला."