लंकाबाई शर्यत बघायला आली

‘काकी, हितंच बस. हलू नको. माझी दुसरी पाळी हाय, तुला सुवर्णाच घरी आणील.’

पुतण्या समाधान एवढं बोलून सातपूरच्या कारखान्याकडे पळाला आणि नाशिकच्या त्या गच्च भरलेल्या स्टेडियममध्ये लंकाबाई एकटी उरली.

सुवर्णा भोये तिची लेक. आठशे मीटरमध्ये राज्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. सुरगाण्याच्या बाजारात चहाच्या टपरीवर तिचा फोटो. एसटीत चढली की कंडक्टर स्वतःची जागा द्यायचा. आणि सत्कार तर इतके, की घरात वर्षानुवर्षं नारळ म्हणून विकत आणला नाही! सगळ्या दुनियेने ही पोर पळताना पाहिली. पाहिली नव्हती ती आईनेच. शर्यती यायच्या थंडीत, आणि थंडीत लंकाबाई दिंडोरीकडे द्राक्षबागेत मजुरीला. यंदा सुवर्णाचा निरोप आला, पाय साथ देत नाही, ही शेवटचीच शर्यत. मग मात्र लंकाबाईने मुकादमाला ठणकावलं, ‘तुझी बाग काय पळून जात नाय. माझी पोर पळतीय.’ एकदा, फक्त एकदा तिला लेकीला जिंकताना बघायचं होतं.

बार उडाला. ‘सुवर्णा! सुवर्णा!’ सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं. शेजारची कॉलेजातली मुलगी तर नाचायलाच लागली. लंकाबाईचा ऊर भरून आला. अगं बाई, ही सगळी माझ्या पोरीला हाका मारतायत!

पण सुवर्णा होती पाचवी. पळत होती तीही कशी, पाण्याला निघाल्यासारखी निवांत. एक फेरी मारून मुली निघाल्या जागी आल्या आणि टणटण घंटा वाजली.

लंकाबाईला शर्यत ठाऊक नव्हती, पण घंटा ठाऊक होती. घंटा झाली की शाळा सुटते. म्हणजे संपलं. पोर हरली, आणि तीही शेवटच्या दिवशी! पदर तोंडाला लावून ती गर्दीतून वाट काढत जिना उतरली. मागे एकच गलका उठला. पुढच्या पोरीसाठी असेल, म्हणून तिने वळूनही पाहिलं नाही. आठशे मीटर म्हणजे दोन फेऱ्या, हे तिला सांगणार कोण?

भाकरीचं गाठोडं घेऊन ती फाटकापाशी बसली. थोड्या वेळाने सुवर्णा धापा टाकत आली. गळ्यात हार, मागे तिला पळायला शिकवणारे कोठावदे सर आणि फोटोवाले.

‘आये, हितं काय करतेस? सगळीकडं शोधलं तुला! पाह्यलं ना, शेवटाला कसं सगळ्यांना मागं टाकलं?’

लंकाबाई हाराकडे बघत राहिली. ‘म्हंजे... जिंकलीस?’

‘तू नाय पाह्यलं?’

‘घंटी वाजली. मला वाटलं, हारलीस. आले उठून.’

सुवर्णाचे डोळे भरले. ‘आये, एवढ्यासाठीच तं तुला बोलावलं गं. थांबायचं होतं ना!’

‘कशी थांबू? जिंकलेलीला समदी दुनिया हाय. हारलेली पोर भायेर आली, तं दारात तिचं माणूस नको?’

लाउडस्पीकरवर सुवर्णाचं नाव पुकारलं गेलं. सर चुळबुळले. ‘चल गं, प्रमुख पाहुणे खोळंबलेत.’

‘थांबू द्या सर,’ म्हणत सुवर्णाने मातीतच बसकण मारली. लंकाबाईने नागलीची भाकर मोडून खुरासणीच्या चटणीसकट तिच्या हातावर ठेवली.

‘आता सांग,’ ती म्हणाली, ‘घंटीच्या फुडं काय झालं?’

सुवर्णाने घास गिळला आणि बोटाने मातीत दुसरी फेरी काढायला घेतली.