फळ्यावरचा चोर

वर्गात त्या दिवशी सव्वीस वीणा होत्या. पंचवीस काचेच्या आणि एक हाडामांसाची. काचेच्या पंचवीसजणी बोलत होत्या, हातवारे करत होत्या, आणि पोरं त्यांच्याकडे बघत होती. हाडामांसाची तेवढी बाकांमधून मांजरीसारखी पाय न वाजवता फिरत होती. तिला तसंच बजावलं होतं, पोरांचं लक्ष उडेल असं काही करायचं नाही.

स्वतःच्याच वर्गात! आणि हे कुणाला सांगायचं, तर केस पांढरे होईपर्यंत गणित शिकवलेल्या बाईला.

पोरांच्या कानांवर हेडफोन, समोर टॅब्लेट. कुणी तिला दीडपट वेगानं ऐकत होतं, कुणी दुप्पट. दुप्पट वेगात आपले हात माशा हाकलल्यासारखे दिसतात, हे तिला इथंच कळलं. नील नावाच्या पोरानं तर तिला थांबवून ठेवलं होतं, तोंड अर्धवट उघडं असताना, आणि तो निवांत पेन्सिलीला टोक काढत होता. वीणा त्याच्या मागून गेली. आपलंच उघडं तोंड बघत.

आता चोराचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

पुण्याच्या शाळेत असताना वीणानं एक खोड लावून घेतली होती. दर तासाला फळ्यावर एक चूक मुद्दाम करायची. सहज बघितलं तर बरोबरच वाटावी अशी. तिचं नाव चोर. ज्याला तो दिसेल त्यानं 'चोर!' म्हणून ओरडायचं, पुढे यायचं, लाल खडूनं चुकीभोवती गोल काढायचा आणि चोर कुठल्या खिडकीतून शिरला ते वर्गाला सांगायचं. चोर सापडल्याशिवाय तास सुटायचा नाही. एकदा तपासणीला आलेले साहेब फळ्याकडे बघून मिशीत हसले, तर मागच्या बाकावरचं एक कार्टं त्यांच्यावरच खेकसलं, "सर, दिसलाय ना तुम्हाला? मग सांगा की!"

नवऱ्याच्या नोकरीपायी सिंगापुरात आली, बुकित तिमाहच्या एका खाजगी शाळेत लागली, तरी खोड गेली नाही. चिनी, कोरियन, तमिळ, मराठी, सगळी पोरं आठवड्याभरात 'चोर' शिकली. इथली पोरं टीचरला नुसतं 'चेर' म्हणतात. "चेर! चोर!" असा गिल्ला उठला की शेजारच्या वर्गातली इंग्रजीची बाई धाडकन दार लावून घ्यायची. त्या दाराच्या आवाजानं वीणाला दिवसभर पुरेल एवढं बरं वाटायचं. घरी गेल्यावर तिच्याशी बोलायला फारसं कुणी नव्हतं.

मग शाळेला व्हिडिओचं वेड लागलं. वीणा नको म्हणाली असं समजू नका. नाचत गेली. केस रंगवले, पुण्याहून दोन नवे कुडते मागवले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. हिरव्या पडद्यासमोर उभी राहून तिनं वर्षभराचं गणित कॅमेऱ्याला शिकवलं आणि सवयीनं दर तासात चोर घातला. चोर घालायची, कॅमेऱ्याकडे बघत गप्प उभी राहायची, जशी वर्गासमोर राहायची. मग म्हणायची, "नाही सापडला? बघा हं," आणि स्वतःच लाल गोल काढायची.

ते गप्प उभं राहणं सॉफ्टवेअरनं कापून टाकलं. त्याच्या हिशेबी ती रिकामी जागा. मग अख्खा तास भाजीसारखा चिरून त्याचे छोटे छोटे तुकडे केले. चोर एका तुकड्यात राहिला आणि त्याला पकडणं पुढच्या तुकड्यात गेलं, ज्याच्यावर लिहिलं होतं, 'हवं तर बघा'. हवं तर म्हटल्यावर कोण बघतंय? तुम्ही बघितलं असतं? प्रश्न काढायचं कामही मशीनलाच दिलेलं. तुकड्यात वीणा जे म्हणाली, ते मशीनच्या दृष्टीनं बरोबर. मशीनला काय ठाऊक, की बाई खोटं बोलतेय आणि कुणीतरी आपल्याला अडवावं म्हणून बोलतेय.

हे सगळं वीणाला त्या दिवशी कळलं, ऋग्वेदा नावाच्या पोरीमागे उभी असताना.

ऋग्वेदा तेरा वर्षांची. आईवडील दोघंही रॅफल्स प्लेसच्या बँकांत. मराठी कळायचं, बोलायची मात्र इंग्रजीच. पूर्वी दर दोन दिवसांनी चोर पकडायचा तो हिनंच. तिच्या टॅब्लेटवर प्रश्न होता: गाडी जाताना ताशी चाळीसनं गेली, त्याच रस्त्यानं येताना ताशी साठनं आली, तर सरासरी वेग किती? व्हिडिओतली वीणा हसत हसत म्हणते, पन्नास. चांगला गुबगुबीत चोर. खरं उत्तर अठ्ठेचाळीस, कारण हळू जाताना वेळ जास्त लागतो आणि तेवढा सगळा वेळ गाडी चाळीसनंच रखडत असते.

ऋग्वेदानं अठ्ठेचाळीस टाकलं. लाल फुली. 'पुन्हा बघ.' व्हिडिओ आपोआप सुरू झाला. पोरीनं मुकाट्यानं पुन्हा बघितला आणि पुन्हा अठ्ठेचाळीस टाकलं. लाल फुली. पुन्हा बघ. वीणा वाकली, हात पुढे केला, तेवढ्यात पोरीचा खांदा सैल पडला आणि तिनं पन्नास टाकलं.

स्क्रीनभर रंगीत कागद उडाले.

"ऋग्वेदा," वीणानं तिच्या एका कानावरचा हेडफोन सरकवला, "अठ्ठेचाळीस कसं काढलंस?"

"सॉरी चेर. बिफोर राँग. नाऊ करेक्ट."

"आधीचं बरोबर होतं गं."

पोरीनं तिच्याकडे बघितलं. मग स्क्रीनकडे. मग परत तिच्याकडे. "बट यू सेड फिफ्टी," ती म्हणाली आणि स्क्रीनवर बोट ठेवलं. बोट वीणाच्या तोंडावर पडलं.

शाळेचा डिजिटल विभाग सारंगकडे होता. एरंडवण्याचा पोरगा, तिशीचा. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत तिला 'वीणाताई' म्हणायचा, शाळेत 'मॅम'. मनानं वाईट नव्हता. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं.

"पण मॅम, पन्नास तुम्हीच म्हणालायत ना?"

"मुद्दाम म्हणाले."

"मुद्दाम चूक? व्हिडिओत?" तो हसला. "का पण?"

"पोरांनी पकडावी म्हणून."

"व्हिडिओत कुणाला पकडणार?"

हा प्रश्न कॅमेऱ्यासमोर उभं राहायच्या आधी स्वतःला विचारायचा असतो. तिनं तेव्हा कुडत्यांचे रंग ठरवले होते.

"टेन्शन नका घेऊ," सारंग म्हणाला. "परत शूट पण नको करायला. तुमचा आवाज आहे की आपल्याकडे." त्यानं काहीतरी टाइप केलं, चहाचा घोट घेतला आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली. काचेतली वीणा हसत हसत अठ्ठेचाळीस म्हणाली. तेच हसणं, तीच मान. ओठसुद्धा बरोबर हलले.

"हे मी म्हटलेलं नाही, सारंग."

"म्हणाला असतात तर असंच म्हणाला असतात ना? प्रश्नपण दुरुस्त झाला. आणि ऐका, बाकीचे तुमचे ते चोर, तेही काढून टाकतो. मशीनला सांगितलं की शोधतंय ते."

"सगळे?"

"एका दुपारचं काम. खूश ना आता, ताई?"

ताई म्हणाला आणि जीभ चावली. वीणा चूक झाल्याची तक्रार घेऊन आली होती, चूक दुरुस्त झाली. आता चूक परत घाल म्हणून सांगायचं? सांगायला हवं होतं. टेबलावर हात आपटून सांगायला हवं होतं. ती फक्त एवढंच म्हणाली, "शुक्रवारची माझी पंधरा मिनिटं?"

आठवड्यातून पंधरा मिनिटं तिला पोरांशी समोरासमोर बोलायला ठेवली होती. देवापुढच्या वाटीतल्या साखरेएवढी.

"आहेत की. ही टर्म संपेपर्यंत आहेत. मग तो बोर्ड निघतोय, तिथे टॅब्लेट चार्जिंगची कपाटं येणार."

हे ऐकायला घरी नवरा, कमलाकर, होता म्हणायचं. जुरोंग आयलंडच्या केमिकल प्लँटमध्ये इंजिनीअर. सकाळी कंपनीच्या बसनं जायचा, फोन गेटवर जमा करायचा. दिवसभर तिला त्याच्याशी बोलता यायचं नाही, आणि संध्याकाळी तो फोन हातात आला की दिवसभराच्या उपाशी माणसासारखा त्याच्यावर पडायचा. गेली काही वर्षं वीणा घरातही चोर घालायची. ते कुणाला ठाऊक नव्हतं.

"अहो, आमटीत गूळ जास्त झालाय ना आज?" गूळ घातलाच नव्हता.

"हं."

"उद्या बुधवार."

"हं." उद्या शुक्रवार होता.

"एक गाडी जाताना चाळीसनं गेली, त्याच रस्त्यानं येताना साठनं आली. सरासरी किती?"

"पन्नास," इंजिनीअर म्हणाला. अंगठा वर सरकतच होता.

"बरोबर," वीणा म्हणाली आणि त्याच्या पानात भात वाढला.

शुक्रवारी तिनं पोरांना हेडफोन काढायला लावले. फळा पुसला, मार्कर घेतला. एक मागणं होतं तिचं, फार मोठं नव्हतं. हा फळा निघायच्या आत एकदा, एकदाच, कुणीतरी तिला सांगावं की बाई, तुम्ही चुकलात. आणि का, ते सांगावं. तिनं मुद्दाम तीच गाडी फळ्यावर काढली. जाताना चाळीस, येताना साठ. सरासरी, पन्नास. पन्नास मोठ्या अक्षरात लिहिलं आणि वर्गाकडे तोंड करून गप्प उभी राहिली.

सॉफ्टवेअरनं कापलेलं ते गप्प उभं राहणं. ते तिनं पुरेपूर वसूल केलं. एसीचा आवाज येत होता. दोघंजण जांभई देत होते.

नीलनं हात वर केला.

"चेर, व्हिडिओत फोर्टी-एट आहे."

"हो? का बरं?"

"व्हिडिओ सेज."

"अरे, पण अठ्ठेचाळीसच का? पन्नास का नाही?"

नीलला प्रश्नच कळला नाही. त्यानं टॅब्लेट उघडला. त्याचं बघून इतरांनी उघडले. पाच-सहा जणांनी ती जागा शोधली, आणि वर्गाच्या पाच-सहा कोपऱ्यांतून वीणाचा आवाज आला, पुढेमागे, एकमेकांवर आदळत: अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीस. पोरं हसली.

"सी, चेर? यू ऑल्सो सेड!"

"चेर, यू बेटर चेक लाह," खिडकीजवळची एक मुलगी इथलं ते 'लाह'चं शेपूट लावून म्हणाली. अगदी मायेनं म्हणाली. घरातल्या म्हाताऱ्यांना औषध घेतलंत का विचारतात ना, तशी.

एवढ्या गलक्यात एकटी ऋग्वेदा टॅब्लेटकडे बघत नव्हती. तिच्यासमोर कागद होता आणि कागदावर तिनं तळहात उपडा ठेवला होता. वीणा तिच्या बाकापाशी गेली, गुडघे मोडून बसली.

"दाखव."

हात थोडासा उचलला गेला. खाली एक रस्ता काढला होता. एकशेवीस किलोमीटर. जाताना तीन तास, येताना दोन. दोनशेचाळीस भागिले पाच. शेजारी एवढ्याशा अक्षरात, अठ्ठेचाळीस. रस्त्यावर गाडीसुद्धा होती, तिला डोळे काढलेले.

वीणानं खिशातला लाल मार्कर काढून तिच्यापुढे धरला. "जा. गोल काढ. सांग त्यांना चोर कसा शिरला."

"डोन्ट वाँट लाह, चेर."

"का गं? बरोबर आहे तुझं."

पोरगी मराठीत बोलली, शब्द चाचपत, जणू हे इंग्रजीत बोललं तर कुठेतरी नोंदलं जाईल. "आपलं सांगितलं, की परत बघायला लागतं."

"आज नाही लागणार."

ऋग्वेदानं फळ्याकडे बघितलं. तिथे पन्नास. शेजारच्या टॅब्लेटकडे बघितलं, तिथे अठ्ठेचाळीस. दोन्हीकडे वीणाच. तिनं कागदाची घडी घातली, दप्तरात टाकली आणि लाल मार्करला हात लावला नाही.

घंटा झाली. "बाय चेर, बाय चेर" करत वर्ग रिकामा झाला. ऋग्वेदा दारापाशी थांबली, फळ्याकडे एकदा वळून बघितलं आणि स्कूलबस चुकेल म्हणून पळाली.

वीणानं लाल मार्कर तिच्या बाकावरच ठेवला, पेन्सिल ठेवायच्या खाचेत. मग मागच्या बाकावर जाऊन बसली. इतकी वर्षं ती फळ्यासमोर उभी राहिली होती, पण शेवटच्या बाकावरून फळा कसा दिसतो ते तिनं कधी बघितलं नव्हतं. पन्नास तिथूनही स्पष्ट दिसत होतं. कुणीही ओरडावं असं.

सफाईची आंटी बादली घेऊन आली. चिनी, वयानं वीणापेक्षा मोठी. तिनं फडकं पिळलं आणि फळ्याकडे बोट करून विचारलं, पुसू का?

"नको," वीणा म्हणाली. "ते चूक आहे. राहू दे."

आंटीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. तिनं पुन्हा विचारलं. वीणानं पुन्हा तेच सांगितलं, या वेळी जरा मोठ्यानं. चूक आहे. राहू दे.

आंटीनं खांदे उडवले. मग कामाची बाई ती, हातचं काम अर्धं कसं सोडेल? चाळीस पुसलं, साठ पुसलं, गाडी पुसली, कडेपर्यंत सगळा फळा लखलखीत केला आणि पन्नासच्या भोवतीनं फडकं जपून, गोल फिरवलं.