तांबड्याचा अर्धा चेहरा

वत्सलाने अंबाड्यातला आकडा काढला, पदराला पुसला आणि त्याच्या टोकाने नवऱ्याची भुवई जराशी खाली ओढली.

“अशी. उजवी भुवय तेची खालीच असायची. सगळ्यांचो संशय येत असल्यासारखी.”

नवरा म्हणजे मातीचं लिंबाएवढं डोकं, आणि त्यातही तो निम्माच. डावी बाजू राक्षसाची, उजवी रघुनाथची. सोप्यावरच्या मेजावर बाटलीच्या बुचावर ते बसवलेलं होतं. समोर सिद्धेश श्वास रोखून बघत होता, कारण त्या मातीत त्याचे दोन महिने गेले होते.

सिद्धेश डिचोलीचा. घरात गणपती घडवायचा पिढीजात धंदा. हा मात्र म्हापशाला बँकेत. पस्तिशीच्या बाप्याला वेड कसलं, तर बाहुल्यांचं. बाहुल्या म्हटलेलं त्याला चालत नसे, पण दुसरं काय म्हणणार? लहानपणी बोटीवरच्या मामाने परदेशी सिनेमातला एक राक्षस आणून दिला, अंगाला पट्ट्या गुंडाळलेलं प्रेत होतं ते, आणि पोराचं डोकं जे फिरलं ते फिरलंच. आता काचेच्या कपाटात दोनशेवर भुतं रांगेने उभी होती. लग्न अजून जमत नव्हतं, आणि ते का, हे कपाट पाहिलेल्या कोणालाही विचारावं लागत नसे.

परदेशी भुतं पुरेशी झाल्यावर त्याला आपल्याकडचं भूत हवंसं वाटलं. तेहतीस वर्षांपूर्वी सुर्ल्याच्या खाणीत ‘खाणीतला तांबडा’ नावाचा एक मराठी सिनेमा झाला होता. चालला तीन आठवडे. लाल चिखलातून उठून येणारा त्यातला राक्षस, तांबडा, म्हणजे वरून काथ्या आणि रबर, आणि आत घामाने निथळणारा रघुनाथ. रघुनाथ तेव्हा त्याच खाणीवर कामाला होता आणि हंगामात दशावतारात संकासूर करायचा. अंगावर ओझं घेऊन नाचायची सवय म्हणून त्याला उचलला. पडद्यावर नाव काही आलं नाही. ते नाव हुडकायला सिद्धेशला दोन वर्षं लागली, आणि हुडकत हुडकत तो मोटरसायकलवरून इब्रामपूरला वत्सलाच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा रघुनाथला जाऊन चार वर्षं झाली होती.

“न विचारता करणारे खंडीभर आहेत, काकी,” त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. “पण मूर्तीच्या तळाला परवान्याचा शिक्का नसेल, तर माझ्या लेखी ती चोरीची. मुखवटा निर्मात्याचा, त्याच्या मुलांनी सही दिली. पण शेवटी तो मुखवटा फाटतो ना, आणि अर्धं तोंड दिसतं? ते तोंड काकांचं. त्याला परवानगी काकांच्या वारसाने द्यायची.”

“म्हंजे तेचो चेहरो माजो?”

“कायद्याने तुमचाच.”

ती हसली होती. खुदकन, तोंडावर हात घेऊन. घरात मूलबाळ नाही. नवरा गेल्यावर त्याच्याबद्दल तिला कोणी काही विचारलेलं नव्हतं. निवडणुकीच्या ओळखपत्रावर पन्नाशीतला, गाल बसलेला रघुनाथ होता तेवढाच. पंचविशीतला रघुनाथ कुठल्याच कागदावर नव्हता, आणि सिनेमात तो दिसायचा अर्धा क्षण, तोही धुरकट. तो काय तो तिच्या डोळ्यांपुढे होता. आता तो जगाला द्यायचा होता, आणि देणारी ती एकटी. शेजारच्या सुमनला तिने हे तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला गेली तेव्हा सुमन म्हणाली, “गे बाये, कळलां!”

आता भुवई जमली होती. सिद्धेशने डोकं जपून डब्यात ठेवलं.

“वकिलाला तुमच्या लग्नाचा दाखला हवाय, काकी. तेवढा जोडला की झालं.”

“मगे काय, सोमवारी पेडण्याक जावया. सही केलली माजी आसा थंय.”

सोमवारी ती ठेवणीतलं लुगडं नेसून गेली. लग्ननोंदणीच्या कचेरीतल्या बाईने जाडजूड वही काढली, वर्ष बघितलं, पानं उलटली. अठरा नोव्हेंबर एकोणीसशे चौऱ्याहत्तर. रघुनाथची सही, खाली वत्सलाची, एकेक अक्षर सुटं, शाळेतल्या पाटीवर काढल्यासारखं. ते बघून वत्सलाला लाजच वाटली.

बाईने दुसरी वही काढली. पुढे गेली, मागे आली. मग चष्मा काढून तिच्याकडे बघितलं.

“दुसरी सय ना हांगा.”

गोव्यात लग्न दोनदा लागतं. मांडवातलं वेगळं, ते भटाचं. वहीतलं वेगळं, ते सरकारचं, आणि त्यातही सह्या दोन. पहिली म्हणजे आम्ही लग्न करणार आहोत एवढंच. मग काही दिवस थांबायचं, कोणाची हरकत नसली तर साक्षीदार घेऊन परत यायचं आणि दुसरी सही करायची. ती झाली की लग्न. नाही झाली, तर मांडवात हजार पान उठलेलं असो, कायद्याच्या लेखी त्या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण वत्सला दोडामार्गाकडची, हद्दीपलीकडची, एकोणीस वर्षांची. तिच्या माहेरी मांडव झाला की लग्न झालं.

“तो येवन करून गेलेलो,” ती म्हणाली. “एकटो इल्लो. साहेबान तेका सांगलान, बायलेची एक सही पुरे म्हणान.”

“तशें केन्नाच नासता, बाय.”

बाई भली होती. तिने वत्सलाला खुर्ची दिली, पाणी दिलं, वही तिच्याकडे फिरवून दाखवली. रेशनकार्डावर वत्सला रघुनाथची पत्नी होती, मतदार यादीत होती, खाणीवरच्या कागदांत होती. वही उघडायची वेळच कधी आली नव्हती. आज आली ती एका राक्षसापायी.

घरी परतले तेव्हा दीर गोकुळदास सोप्यावर नारळ सोलत बसला होता. घर एकच, मधे भिंत घालून दोन चुली केलेल्या. सिद्धेशने त्याला चाचरत सगळं सांगितलं. आता कायद्याने वारस तो होता. गोकुळदास नारळ सोलतच राहिला.

बोलत होती ती वत्सला. तिला बोलल्याशिवाय राहवत नव्हतं.

“शूटिंग होतां ना तेचां! म्हणान रवलां तां. नऊ डिसेंबर तारीख दिलेली आमका, माका आजून याद आसा. मी न्हेसान बसलंय सकाळपासून, आनी हेचो निरोप इलो, सिनेमावाले सोडनत नाय म्हणान. रातीचो इलो तो चिकलान भरान. मगे आठ दिसांनी गेलो आनी करून इलो. तसां म्हणालो तो. साहेबानच कायतरी घोळ घातल्यान आसतलो. तो बिचारो काय करतलो?”

“नऊ डिसेंबर? नाही, काकी,” सिद्धेश म्हणाला. “तीस नोव्हेंबरला पॅकअप झालं. कॅमेरामनची डायरीच आहे माझ्याकडे. एक तारखेला तांबड्याचा पोशाख पेटीत भरून मुंबईला गेला. डिसेंबरात सुर्ल्याला एक फूटही फिल्म...”

तारीख चुकलेली त्याला सहन होत नसे. कोणाचीही चूक तो अशीच, एका दमात सुधारायचा. सुधारून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या कानावर पडलं.

“नक्की?” वत्सलाने विचारलं.

खोटं बोलायला तेवढा वेळ पुरेसा होता. त्याला ते सुचलं नाही.

“डायरीत तसं आहे, काकी.”

गोकुळदासच्या हातातला नारळ तसाच राहिला होता. वत्सलाने तिकडे बघितलं.

“भावजी, तुमका म्हायत होतां?”

“मी आठ वर्षांचो होतंय गे, वयनी.”

“आता नाय मा तुमी आठ वर्षांचे?”

त्याने नारळ खाली ठेवला. हात लेंग्याला पुसले, पुसलेले पुन्हा पुसले.

“आमच्या आयन घातलेलां तां दादाच्या डोक्यात. पयलां मूल होवंदे, मगे दुसरी सही. सही झाली काय अर्दी इस्टेट बायलेची. मूल नाय झालां तर अर्दां घर दुसऱ्याच्या घरात जातलां, म्हणायची. दादाक पटलां नाय. मी आयकलंय, भांडलो तो. पण आवशीपुडे तेचां काय चलना नाय होतां. वर्षभर थांबतंय म्हणालो.”

“मगे?”

“मगे वर्सांवर वर्सां गेली, वयनी. आय मेली तेच्याआदी एकदा माका म्हणालो, आता कसां सांगू तिका? सांगलंय तर ती माज्या तोंडाकडे तरी बगात काय?”

वत्सला रडली. रघुनाथ गेला तेव्हा माणसं भरली होती, पेज कोण रांधणार, लाकडं कुठून आणायची, यात तिचं रडणं राहून गेलं होतं. आज ती दोन्ही हातांनी तोंड झाकून, आवाज काढून रडली, आणि दोन पुरुष दोन बाजूंना मान खाली घालून बसले. नवस, उपास, म्हापशाची डॉक्टरीण, बांबोळीचं इस्पितळ, सगळीकडे तो बरोबर आला होता. एस्टीत तिच्यासाठी जागा धरायचा. परत येताना तिला म्हणायचा, नशिबात नाय तर नाय, माका तू आसस. आणि त्याच एस्टीने पेडण्याला तिला एकदा नेणं काही त्याला जमलं नाही.

“अख्खो जल्म परीक्षेक बसलंय मी, भावजी,” ती म्हणाली. “आनी माका म्हायतच नाय.”

पंधरा दिवसांनी सिद्धेश आला तो हातातली पिशवी न उघडता उभाच राहिला.

“नको करूया ही मूर्ती, काकी. मला दुसरं काहीतरी मिळेल.”

“कित्याक? तांबड्यान काय केल्यान माजां?” वत्सला म्हणाली. “बस. च्या पी.”

वकिलाने कागद नव्याने करून दिले होते. वारस म्हणून गोकुळदासने सही करायची. गोकुळदास म्हणाला, मी हात लावणार नाही त्या कागदाला. वत्सलाने पेन त्याच्या पुढ्यात ठेवलं.

“करा, भावजी. कायद्यान जां तुमचां, तां तुमचां. उगीच माका पापात घालू नकात.”

त्याने केली. डोळे पुसत केली, त्यामुळे नाव तिरकं गेलं.

दुसरा कागद साधाच होता. मूर्तीतला चेहरा त्याच माणसाचा आहे, हे त्याला त्या वयात पाहिलेल्या कोणीतरी लिहून द्यायचं. गोकुळदासला आठव्या वर्षीचं काय आठवणार? बाकीचे कोणी उरलेच नव्हते.

सिद्धेशने मूर्ती पिशवीतून काढून मेजावर ठेवली. आता ती पुरी झाली होती, रंगही दिलेला. वीतभर उंचीचा तांबडा, चिखलातून वर येणारा, एक हात पुढे. मुखवटा मधोमध फाटलेला, आणि फटीतून पंचविशीतला रघुनाथ बघत होता. वत्सलाने चष्मा लावला. मूर्ती उचलून ती उजेडात, खिडकीपाशी गेली. पाठमोरी उभी राहिली.

नव्हे म्हटलं असतं तर काम तिथेच संपलं असतं. दोन महिन्यांची माती, दोन वर्षांचा शोध, आणि रघुनाथचं तोंड पुन्हा कोणाला दिसलं नसतं. सिद्धेशला ते कळत होतं. गोकुळदासलाही कळत होतं. ती नव्हे म्हणाली असती तर दोघांतल्या कोणी एक शब्द काढला नसता.

“कान जरा मोठो झालो,” ती वळून म्हणाली. “पण तोच.”

“नक्की ना, काकी?”

“तोच रे, पुता. कायतरी लपवन ठेयल्यासारखां बगता ना, तसोच बगायचो.”

ती मेजाशी येऊन बसली. सिद्धेश एकेक रकाना वाचून भरत गेला. नाव. गाव. वय, बावन्न. मग तो थांबला, आणि कागद आपल्याकडे ओढून उगाच पुढचं पान बघू लागला.

“काय रवलां?” तिने विचारलं.

“काही नाही. हे नाही भरलं तरी चालेल.”

“वाच.”

“‘मृत व्यक्तीशी नातं,’” सिद्धेश म्हणाला. “मी पत्नी लिहितो, काकी. कोण बघायला येतंय?”

“खोटां लिवचां नाय. शिक्को लागता ना तुका, खरोखरचो?”

तिने चष्मा काढला आणि घडी घालून मेजावर ठेवला. गोकुळदास उठून अंगणात गेला.

“ओळखीची, असां लिही,” वत्सला म्हणाली.

सिद्धेशने लिहिलं. मग त्या शब्दाच्या आधी काही तरी जोडायला त्याने पेन टेकवलं. तिने त्याचं मनगट धरलं.

“चांगल्या ओळखीची, असां नको. नुसती ओळखीची.”