डब्याने सोडलेला ब्रेक

कागद कारखान्यात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. गुंडाळणीच्या यंत्रापाशी काळ्या डब्यावर हात ठेवून एक सूटवाला सल्लागार गर्जत होता, "हा क्वांटम मेंदू! जमलं की बक्षीस, चुकलं की शिक्षा, असा लाख वेळा शिकलाय. आता क्षणाक्षणाला यंत्र हाच सांभाळणार. माणसाचा हात नको!"

यंत्र सुरू झालं. कागदाचा ताण ब्रेकवर राखावा लागतो, नाहीतर तो टर्रकन फाटतो. समोरची खुर्ची रिकामी, तरी कागद सरळ धावत होता. टाळ्या पडल्या. फिटरने तर चपला काढून डब्याला हात जोडले.

"बाबा, उद्यापासून मी घरी," शेजारी उभी माझी सूनबाई हळूच म्हणाली. खुर्ची तिचीच. काम मीच शिकवलेलं. कागदाला जोड, म्हणजे दोन तुकडे चिकटवलेली जागा, आला की ब्रेक दोनदा हलका करायचा. बाकी पाळ्यांत एकदाच करतात.

टक्-टक्. डब्याने ब्रेक दोनदा सोडला.

"बाबा, जोड कुठे होता?"

नव्हताच. आजचं रीळ बिनजोडाचं.

"हा तर माझा हात! सोमवारी तपासणी म्हणून या साहेबांनी माझ्या ब्रेकला वायर लावली होती ना, तेव्हाचा."

ती तरातरा पुढे गेली. "साहेब, कोपऱ्यातलं रीळ लावा. त्यात तीन जोड आहेत."

"ताई, क्वांटम लहरी अशा मधेच मोडायच्या नसतात. शिवाय तुमच्या मनातली शंका त्याला बाधते."

"शंका बाधते? मग हा मेंदू आहे की अंगात आलंय?"

हशा पिकला. मालक ओशाळून म्हणाले, "लावा ते रीळ."

पहिल्याच जोडाला कागद फाटला. डब्याला पत्ताच नाही! फाटक्या कागदावर त्याचं टक्-टक् चालूच. फिटरने चपला घातल्या आणि झाकण उचकटलं. आत एक पंखा, निळा दिवा आणि सूनबाईचा सोमवार साठवलेलं मेमरी कार्ड. ताण मोजणारी वायर जोडलेलीच नव्हती. आंधळ्या डब्याला आम्ही डोळस समजलो होतो.

सूनबाई खुर्चीत बसली.

क्वांटम खोटं नाही, शिकणारं यंत्रही खोटं नाही. पण खरं असेल ते दुसऱ्या रिळाला घाबरत नाही. मी पन्नाशीत अक्षरं गिरवली. 'कळलं नाही' म्हणायची लाज तेव्हाच गेली. तुम्हीही ती टाका. जोडलेले हात सोडा आणि ठणकावून सांगा, रीळ बदला!